आंधळ्या घोडीचं पाऊल

बैलाच्या खुराला पत्री, म्हणजे बैलाचा पातळ लोखंडी नाल, मारायची तर आधी त्याला आडवा करावा लागतो. बघणाऱ्यांना वाटतं, चारपाच जण मिळून जोर लावत असतील. जोर लावून बैल पडत नाही, उलट तोच माणसांना फरफटत नेतो. एक दोर त्याच्या छातीभोवती घ्यायचा, त्याचाच दुसरा वेढा मागच्या पायांच्या पुढून पोटाला द्यायचा आणि मागे उभं राहून संथपणे ताणत राहायचं. त्या जागी दोर आवळला की बैलाचं अंग आपोआप सैल होतं. तो गुडघे टेकतो आणि कुशीवर कलंडतो. मग एकाने नुसतं त्याचं डोकं जमिनीलगत धरायचं. बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो, आणि तो उचलायला त्याला डोकं पुढे झोकावं लागतं. डोकं धरलं की ते एवढं मोठं धूड एका माणसाच्या हाताखाली मुकाट पडून राहतं.

घोड्याचं याच्या उलट. तो उठतो पुढच्या पायांवर. पण नाल ठोकायला आम्ही घोडा पाडत नाही. तो उभाच असतो, आपण त्याच्या खांद्याला पाठ लावून एक पाय वर घ्यायचा आणि मांडीत धरायचा.

मी उस्मान, शिरपूरचा नालबंद. वडील नालबंद, आजोबा नालबंद. शिरपूर, चोपडा, धुळे इथल्या बैलबाजारांत आमची जागा ठरलेली असायची. बाजूला चहाची गाडी आणि भोवती बघ्यांचा घोळका. आता माझे गुडघे वाकत नाहीत म्हणून काम सोडलंय असं मी सांगतो. खरं तर कामाने मला आधीच सोडलं होतं. ट्रॅक्टरला नाल लागत नाही. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा किती जनावरांचे पाय हातातून गेले त्याचा हिशेब काही लागला नाही. काही जनावरं मात्र आजही तशीच डोळ्यांपुढे उभी राहतात.

आमचा धंदा पायाचा, पण पाय एकटा काही सांगत नाही. जनावर लंगडतं तेव्हा दुखणं कधी खुरात असतं, कधी खांद्यात, तर कधी डोळ्यात. चोपड्याजवळच्या एका शेतकऱ्याने एकदा माझ्याकडे तक्रार आणली की तुझ्या पत्र्या टोचतात, बैल गावाच्या फाट्यावर येऊन अडतो आणि काही केल्या पुढे जात नाही. मी पत्र्या काढून पाहिल्या, खुरं दाबून पाहिली, काही नाही. शेवटी त्याच्या गाडीतून फाट्यापर्यंत गेलो. तिथे नवा गतिरोधक झाला होता आणि त्यावर पांढरे पट्टे मारले होते. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला आजूबाजूचं भरपूर दिसतं, पण समोरची जमीन खोल आहे की सपाट हे मान खाली घालून निरखल्याशिवाय कळत नाही. आणि मानेवर जू असेल तर तो मान खाली घालणार कशी? त्याला तिथे रोज खड्डा दिसत होता. आम्ही जू उतरवलं, त्याला मोकळा सोडला. त्याने नाक टेकवलं, पट्टे हुंगले, एक पाय ठेवून पाहिला आणि पलीकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून तो गाडीसकट जाऊ लागला. शेतकरी म्हणाला, "आणि मी याले किती मारं!" मग तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

हे सगळं सांगितलं ते साखरीसाठी. ती गोष्ट कळायची तर जनावर जगाकडे कसं बघतं ते थोडं माहीत हवं.

साखरी ही चोपड्याच्या गिरजाअक्कांची लग्नातली घोडी. पांढरी, अंगाने भरलेली, स्वभावाने गरीब. अक्कांचे यजमान रतनभाऊ तिला वरातीत चालवायचे. ते छातीच्या दुखण्याने अचानक गेले, तेव्हा लोकांना वाटलं, आता घोडी विकली जाईल. अक्कांनी विकली नाही. डोक्यावर पदर घेऊन, लगाम हातात धरून त्या स्वतः वरातीपुढे चालू लागल्या. नवरा नसलेली बाई नवरदेवापुढे चालते यावर कुजबूज झाली. काहींनी दुसरी घोडी सांगितली. पण साखरीसारखी शांत घोडी आसपास नव्हती. लहान करवला नवरदेवापुढे बसवायचा तर आयांना साखरीच हवी असे.

एका बाजाराच्या दिवशी अक्का तिला घेऊन माझ्याकडे आल्या.

"भाऊ, साखरी आजकाल ठेचा खास. नाल बदली दे."

घोडी चालताना ठेचकाळते म्हटल्यावर मी पुढचा पाय उचलला. नालाची पुढची कड झिजून पातळ झाली होती, खिळ्यांची डोकी वर आली होती. धडधाकट घोड्याचा नाल असा एकाच जागी झिजत नाही. ही जमिनीला पायाच्या टोकाने अडखळत होती. पाय खाली ठेवला आणि अक्कांना म्हटलं, जरा चालवून दाखवा. साखरी चालली तेव्हा तिने पुढचे पाय गरजेपेक्षा उंच उचलले, पाण्यात उतरताना माणूस उचलतो तसे. मान डावीकडे वळलेली. आणि कान. घोड्याचं मन कुठे आहे ते त्याच्या कानावरून कळतं. जिकडे कान, तिकडे लक्ष. साखरीचा एक कान पुढे तर दुसरा मागे, पुन्हा अदलाबदल, क्षणभर स्वस्थ नाही.

मी तिच्या डोळ्यासमोर हात नेला. वारा लागू नये म्हणून अगदी हळू. पापणी हलली नाही. दुसऱ्या बाजूला गेलो. तिथेही तेच.

मी मागे वळलो. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"अक्का, नालमा काही खोड नही. तिले दिसत नही."

त्यांनी लगाम हातातल्या हातात फिरवला. म्हणाल्या, "माले माहित शे. मी कोनले सांगं नही."

मग हळूहळू बोलल्या. आधी एक डोळा लाल झाला, पाणी गळलं, आपोआप बरा झाला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मग दुसरा. रतनभाऊ असतानाच हे सुरू झालं होतं. ते म्हणायचे, धुळीने होतं. ते गेल्यावर एके सकाळी अक्कांनी पाण्याची बादली नेहमीच्या जागेवरून हलवून ठेवली. साखरी जुन्या जागी गेली आणि रिकाम्या जमिनीला तोंड लावून उभी राहिली. तेव्हा अक्कांना कळलं.

मी त्यांना जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी टाकून दोन्ही डोळे बराच वेळ तपासले. एक डोळा पूर्ण गेलाय, दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत असेल, असं त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या आतली ही सूज वारंवार येते आणि दर वेळी थोडी नजर घेऊन जाते. आता परत येणार नाही. औषध दुखणं कमी करण्यापुरतं. अक्कांनी विचारलं, मग ही चालते कशी? बाई म्हणाल्या, "कानाने, नाकाने आणि तुमच्या भरवशावर. घोड्याला ओठांवरच्या केसांनीसुद्धा कळतं पुढ्यात काय आहे ते. तसंही स्वतःच्या तोंडाखालचं त्याला कधीच दिसत नाही. पण हिला गर्दीत नेऊ नका."

दवाखान्याच्या बाहेर लिंबाच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. मी म्हटलं, अक्का, आता वराती बंद करा. पाठीवर लोकांची पोरं असतात.

"एक लगीन शे," अक्का म्हणाल्या. "भागवतनानाले शब्द दिधा शे. त्यानंतर नही."

भागवतनाना माझ्याही ओळखीचे. केळीची शेती, घरी अजून बैलजोडी ठेवणारा माणूस. मला त्यांच्या मुलाच्या, निलेशच्या, लग्नाचं आवतण होतंच. मी म्हटलं, शब्द पाळायचा तर नानांना खरं सांगून पाळा. अक्का तयार झाल्या. आम्ही दोघं नानांच्या ओट्यावर जाऊन बसलो. अक्कांनी काही लपवलं नाही. नाना बराच वेळ सुपारी कातरत राहिले. त्यांच्या वडिलांच्या लग्नापासून त्या घरात नवरदेव घोडीवरून मांडवात येतो. शेवटी म्हणाले, मारुतीच्या देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर आहे. अक्का लगाम धरतील, सनई-संबळ असेल, डीजे नाही, फटाका नाही. मी बाजूने चालेन असं मीही कबूल केलं.

लग्नाच्या दिवशी दुपार कलल्यावर मी देवळापाशी पोहोचलो. साखरीला झूल घातली होती, कपाळावर गोंडा. निलेश वर बसला होता, त्याच्यापुढे त्याच्या बहिणीचं लहान पोरगं. सगळं ठरल्याप्रमाणे दिसत होतं, फक्त अक्का लगामापाशी नव्हत्या. त्या देवळाच्या भिंतीला टेकून बाजूला उभ्या होत्या. लगाम एका तरण्या पाहुण्याच्या हातात होता.

मी अक्कांपाशी गेलो. त्यांनी नजरेनेच पुढे दाखवलं. नानांचे थोरले चुलते, सगळे ज्यांना आबा म्हणतात ते, काठीवर रेलून उभे होते. त्यांना घोडीच्या डोळ्यांबद्दल काही ठाऊक नव्हतं. मी विचारलं तसे ते म्हणाले, "शुभ कामना वखतले बिगर धनीनी बाई पुढे? बरं नही दिसत. पोऱ्या नेई ना घोडी."

तेवढ्यात मागच्या गल्लीतून गाडी वळली. भोंग्यांच्या भिंतीसारख्या पेट्या लादलेली. निलेशच्या मित्रांनी परस्पर आणलेला डीजे. नाना मांडवात पाहुण्यांच्या स्वागतात होते. मी हात वर करून ओरडलो, पण तोवर पहिला ठोका पडला होता.

डीजेच्या आवाजाने माणसाची छाती हादरते हे सगळ्यांना माहीत आहे. घोड्याचं काय होतं ते मी तिथे पाहिलं. साखरीचे दोन्ही कान एकदम उभे राहिले, भिरभिरले आणि मग डोक्याला चिकटले. ज्या कानांनी ती रस्ता शोधायची ते कान आता कुचकामी झाले होते. भोवती वासांची गर्दी होती, अत्तराचा, घामाचा, डिझेलचा. त्यात तिच्या ओळखीचा वास कुठे सापडणार? उरले पाय. पण जमीनसुद्धा थरथरत होती आणि तो हादरा नालातून तिच्या खुरात चढत होता. तिला कुठूनच काही कळत नव्हतं. तिने चारही पाय ताठ रोवले आणि पुतळ्यासारखी थांबली. मानेवरची कातडी नुसती उडत होती.

घोडा असा थांबतो तेव्हा तो शांत झालेला नसतो. त्याचं अंग पळण्यासाठी घडलेलं आहे आणि पळायला दिशा मिळाली नाही म्हणून तो थांबलेला असतो. मागून कुणी ढकललं, एखादा फटाका वाजला की ती दिसेल त्या, म्हणजे न दिसणाऱ्या, दिशेने झेप घेणार होती. पुढे बायकांची गर्दी होती. पाठीवर ते पोरगं.

पाहुण्याने लगाम ओढला. साखरीने डोकं वर फेकलं. पोरगं रडू लागलं. मागे कुणीतरी हसत तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारायला हात उचलला, तो मी हवेतच धरला आणि झटकला. मग गर्दीतून वाट काढत मांडवाकडे धावलो. गुडघे तेव्हाही दुखत होते, पण धावलो.

नाना मला बघूनच दचकले. "उस्मानभाऊ, काय व्हयनं?"

"डीजे बंद करा नाना. आणि अक्कांना बोलवा. नाहीतर पोरं पडतील."

नाना धावले. त्यांच्या मागोमाग निलेशची आई. नानांनी जनरेटरवाल्याच्या अंगावर जाऊन त्याला गाडी बंद करायला लावली. आवाज थांबला, तशी सगळी वरात अवघडून उभी राहिली. आबा काही बोलायला गेले. निलेशच्या आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या थेट देवळाच्या भिंतीपाशी गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अक्का, तुम्ही धरा. मना पोऱ्याले तुम्हीच लयी चाला."

अक्का आल्या त्या धावत नाही. दुरूनच त्यांनी जिभेने टाळूवर आवाज काढला, टक्, टक्, जसा त्या घरी पाणी ठेवताना काढायच्या. साखरीचा एक कान सुटला आणि तिकडे वळला. मग दुसरा. अक्का समोरून गेल्या नाहीत. घोड्याच्या अगदी कपाळासमोर त्याला डोळे असतानाही दिसत नाही, आणि तिथून अंगावर हात आला की तो बिचकतो. त्या खांद्याच्या बाजूने आल्या, तळहात मानेवर ठेवला आणि मग तो सरकवत नाकपुडीपर्यंत नेला. साखरीने श्वास घेतला. एवढा लांब की झुलीवरचे गोंडे हलले. मग तिने नाक अक्कांच्या खांद्यात खुपसलं.

मी पोरगं उतरवून त्याच्या आईकडे दिलं. निलेशला सांगितलं, उडी मारू नको, अक्का आहेत त्या बाजूने घसरत खाली ये. तो उतरला. खाली आल्यावर मी त्याच्या कानात घोडीबद्दल सांगितलं. त्याला वडिलांनी मुद्दामच सांगितलं नव्हतं, पोरगा घाबरेल म्हणून. त्याने साखरीच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग मागे उभ्या मित्रांकडे.

"मी चालत येतो, अक्का," तो म्हणाला. "तिच्या बरोबरच."

सनई-संबळ पुन्हा सुरू झालं, तेही हळू. अक्का पुढे, त्यांच्या खांद्याशी नाक लावून साखरी, तिच्या मानेवर हात ठेवून फेटा बांधलेला निलेश. लोक बाजूला होत गेले. कुणी नाचलं नाही. मी शेजारून चालत होतो आणि माझं लक्ष फक्त तिच्या पायांकडे होतं. दर पाऊल उंच उचलून ती क्षणभर हवेत धरायची आणि मग ठेवायची. मांडवाच्या दाराशी पायरी होती. अक्का थांबल्या, टक् केलं, साखरीने पाय आणखी उंच घेतला. तिथे निलेशच्या आईने आधी साखरीच्या पायांवर पाणी घातलं, मग अक्कांना कुंकवाचं बोट लावायला हात पुढे केला. अक्का मागे सरकल्या. निलेशच्या आईने त्यांचा हात धरला आणि लावलं. आबा तिथेच होते. त्यांनी मान फिरवली. त्यांचं मत त्या दिवशी बदललं असं मी लिहिणार नाही, कारण बदललं नाही.

लग्नसराई संपली. अक्कांनी शब्द पाळला. पुन्हा साखरीला कुठल्या वरातीत नेलं नाही, आणि स्वतः केळीच्या मळ्यात मजुरीला जाऊ लागल्या. घोडी विकून टाक असं सांगणारे पुष्कळ होते. आंधळी घोडी घेणारा कशासाठी घेईल हे अक्कांना कळत होतं.

काही दिवसांनी त्यांचा निरोप आला म्हणून मी चोपड्याला गेलो. मला वाटलं, नाल बदलायचे असतील. अक्का म्हणाल्या, "भाऊ, आते तिना नाल काढी टाक."

नालामुळे खूर झिजत नाही, पण बोटात अंगठी असली तर त्या जागेला कापडाचा पोत कळत नाही, तसंच काहीसं खुराचं होतं. खूर बाहेरून नखासारखं निर्जीव वाटतं, आत मात्र ते फार हळवं असतं. खडा, ओल, उतार, सगळं तिथून वर जातं. जिला डोळे नाहीत तिच्या पायांना लोखंड कशाला, हे अक्कांना कुणी शिकवलं नव्हतं. मी आयुष्यभर नाल ठोकत आलो. कायमचे काढण्याचं काम तेच पहिलं. खिळ्यांची वळवलेली टोकं सरळ केली, पकडीने एकेक नाल सोडवला, खुरांच्या कडा कानसीने गोल केल्या. साखरी एवढी निश्चल उभी होती की झोपली तर नाही ना म्हणून मला दोनदा वर बघावं लागलं.

अक्कांनी दावं सोडलं. साखरी काही वेळ तिथेच राहिली. मग तिने पाय पुढे टाकला, बेताचाच, फारसा उंच न घेता. आणखी एक. कुंपणाच्या कडेने ती एक चक्कर चालली. अंगणाच्या टोकाला भुसभुशीत माती होती, तिथे ती थांबली, माती हुंगली, पायाने उकरली आणि पुढचे गुडघे मुडपून खाली बसली.

मी उठायला लागलो. मला वाटलं, तिला काही झालं.

"राहू दे," अक्का म्हणाल्या.

साखरी कुशीवर पडली, चारही पाय वर करून उताणी झाली आणि मातीत लोळू लागली. या कुशीवरून त्या कुशीवर, मान घासत, फुरफुरत. घोडा पोट उघडं टाकून असा लोळतो तो जिथे कसलंच भय नाही अशाच जागी. पळणाऱ्या जनावराला खाली पडणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

"कितला दिनमा लोळनी नही व्हती ती," अक्का म्हणाल्या. "डोया गयात तवयपासून."

लग्नातली घोडी म्हणून तिला नेहमी पांढरीशुभ्र ठेवावी लागे. शेणाचा एक डाग पडला तरी अक्का बादली घेऊन धावायच्या. साखरी उठली तेव्हा कानापासून शेपटीपर्यंत मातीने माखलेली होती. तिने अंग झटकलं, धुळीचा लोट उडाला. अक्कांनी बादलीला हात लावला नाही. त्या ओट्यावर बसून राहिल्या आणि तोंडाला पदर लावून तिच्याकडे बघत राहिल्या.